संशोधन कशाला म्हणायचे?

संशोधन खर्चावरच्या दोनशे टक्के वजावटीचे दिवस संपले आणि आपल्या व्यवसायाने आयकर कायद्याच्या कलम ३५ कडे जवळपास पाठ फिरवली. २०१७-१८ पासून वजावट दीडशे टक्के झाली, २०२०-२१ पासून शंभर. त्यात कलम ११५बीएएचा २२ टक्के दर घेतला की ३५(२एबी) सोडावेच लागते. मग डीएसआयआरच्या मान्यतेसाठी खेपा कशाला घालायच्या, हा अशिलाचा सवाल रास्तच आहे. पण तो दर घेतला तरी ३५(१) मधले खंड एक आणि चार शाबूत राहतात, हे अनेकांच्या ध्यानातून निसटते. स्वतःच्या व्यवसायाशी संबंधित संशोधनाचे यंत्र घेतले, तर जमीन वगळता सारा भांडवली खर्च पहिल्याच वर्षी वजा होतो. एरवी त्याच यंत्रावर १५ टक्क्यांनी घसारा काढत बसावे लागते.

खरी अडचण पुढे आहे. कलम ४३(४) ची व्याख्या ऐसपैस आहे: नैसर्गिक किंवा उपयोजित विज्ञानात ज्ञानाची भर घालणारे कोणतेही काम. त्यामुळे काही मंडळी डेव्हलपमेंट विभागाचा अख्खा खर्च त्यात घालतात. कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीचे उदाहरण घ्या. ग्राहकाने ड्रॉइंग दिले, पॅटर्न केला, नमुने पास करून घेतले. हे कौशल्याचे काम असेल, संशोधन नव्हे. पण पातळ भिंतीचे कास्टिंग दर वेळी तडकते, कारण कोणालाच ठाऊक नाही, म्हणून मिश्रधातू आणि वाळूचे प्रमाण बदलत बॅचमागून बॅच ओतल्या, तर दावा उभा राहतो. मग ते कास्टिंग शेवटी जमले नाही तरी चालेल. फसलेल्या बॅचच्या नोंदी तर दाव्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा, आणि कारखान्यात नेमक्या त्याच आधी रद्दीत जातात! रोजची गुणवत्ता तपासणी, बाजार सर्वेक्षण आणि उत्पादनातली देखभाल यांना डीएसआयआरही संशोधन मानत नाही. ३५(१) च्या दाव्याला ती मान्यता लागत नसली, तरी चाळणी म्हणून हा निकष वापरावा.

निर्धारण अधिकाऱ्याने ‘हे संशोधनच नाही’ म्हटले की आपण थेट अपिलाची तयारी करतो. कलम ३५(३) वाचा. असा प्रश्न उपस्थित झाला तर मंडळाने तो विहित प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. प्रश्न असा पाठवण्याची मागणी निर्धारणाच्या टप्प्यावरच लेखी नोंदवायला हवी. आयकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले, तरी मागील वर्षांचे वाद जुन्याच कायद्याने चालणार आहेत.

ऑडिटच्या घाईत, सप्टेंबरात लिहून घेतलेली ‘टेक्निकल नोट’ फार काळ टिकत नाही. कोणता प्रश्न अनुत्तरित होता आणि काय करून पाहिले, हे इंजिनिअरनेच त्या-त्या दिवशी तारखेनिशी लिहिलेले असावे. या तिमाहीत अशिलाच्या शॉपफ्लोअरवर एक चक्कर मारा आणि अशी नोंदवही नसेल तर सुरू करायला लावा.