उघडीप आहे तोवर सोफे-गाद्या बाहेर काढा

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या बंधू-भगिनींनो,

पावसाने उघडीप दिली आहे. ती किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. म्हणून दसऱ्याच्या साफसफाईची वाट न पाहता आजच, ऊन चढताच, सोफा भिंतीपासून ओढा आणि त्याची पाठ बघा. गादी उलटी करा. हिरवट-काळे ठिपके दिसले, पांढरी भुरी दिसली किंवा नुसता कुबट वास आला, तरी तिथे बुरशी धरली आहे असं समजा. तिच्यावर चादर टाकू नका आणि घरातल्या घरात कोरडा फडकाही मारू नका. फडका मारला की तिचे बीजाणू खोलीभर उडतात आणि आपल्याच नाकात जातात.

दर पावसाळ्याचंच आहे, असं म्हणून आपण हे सोडून देतो. चिकूच्या वाडीत बुरशीने फळगळ सुरू झाली तर त्याच दिवशी फवारणीचं बघतो. घरात मात्र आजी त्याच बुरसटलेल्या गादीवर झोपते आणि रात्रभर खोकते. घरातली ओल आणि बुरशी यांचा दम्याशी व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच सांगून ठेवलं आहे. लहान मुलाची शिंक थांबत नसेल, डोळे चोळणं थांबत नसेल, तर औषधाच्या बाटलीबरोबर त्याची उशीही तपासा.

आपल्याकडे ओल येण्याची कारणं आपलीच आहेत. झाई-बोर्डीपासून चिंचणीपर्यंत खारा वारा कापडात मीठ सोडून जातो. मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दिवसा कोरडं वाटणारं कव्हर संध्याकाळी हाताला ओलसर लागतं. धुंदलवाडीच्या परिसरात 2018 च्या नोव्हेंबरपासून भूकंपाच्या धक्क्यांनी घरांच्या भिंतींना भेगा पाडल्या. जी भेग नीट बुजली नाही तिच्यातून पाणी झिरपतं आणि भिंतीला टेकलेली गादी ते पिते. भेग न बुजवता गादी कितीही साफ केली, तरी पुढच्या सरीला बुरशी परत येणारच. आधी पाणी अडवा.

आता साफ करायचं ते असं. नाका-तोंडाला एन-95 मास्क लावा, हातमोजे घाला. सोफा अंगणात, वारा घराकडून सोफ्याकडे वाहील अशा बाजूला ठेवा, म्हणजे उडालेली बुरशी घरात शिरणार नाही. मुलांना लांब ठेवा. सोफ्याच्या तळाशी ठोकलेलं काळं कापड एका कोपऱ्यातून उचकटून आत डोकवा, कारण लाकडी सांगाड्यावर आणि पट्ट्यांवर बुरशी आधी धरते आणि आपल्याला दिसते शेवटी. बाहेरच ब्रशने ती झाडा. तो ब्रश पुन्हा घरात वापरू नका. मग पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, किंवा औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट तितक्याच पाण्यात मिसळून, फडका नुसता ओलसर करून पुसा. आधी न दिसणाऱ्या जागी रंग जातो का ते पाहा. स्पिरिट पेटतं, तेव्हा चूल, बिडी, उदबत्ती जवळ नको. सोफा भिजवू मात्र नका. फोमच्या आत गेलेलं पाणी म्हणजे बुरशीला नवं आमंत्रण. पुसून झाल्यावर दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्या, एक दिवस पुरला नाही तर दोन. आतून कोरडं झाल्याशिवाय घरात आणू नका.

तीन गोष्टी अजिबात करू नका. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. वाडीतलं उरलेलं बुरशीनाशक किंवा बोर्डो मिश्रण गादीवर मारू नका. ते झाडासाठी आहे, माणसाच्या कातडीसाठी नाही. आणि डांबरगोळ्या, कापूर, अत्तर यांवर विसंबू नका. त्यांनी वास दबतो, बुरशी तशीच राहते.

2021 च्या म्युकरमायकोसिसची धास्ती अजून अनेकांच्या मनात आहे. सोफ्यावरचा प्रत्येक काळा ठिपका म्हणजे तो आजार नव्हे, घाबरू नका. पण ज्यांची साखर आटोक्यात नाही, जे स्टेरॉइड घेत आहेत, ज्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा ज्यांना दमा आहे, त्यांनी या कामाला हात लावू नये. झाडताना त्यांनी अंगणातही थांबू नये.

आता एक बोलणं जरा टोचेल, पण ते बोलायलाच हवं. दोन-तीन दिवस भिजून राहिलेला फोम, आतून काळा पडलेला काथ्या किंवा कापूस साफ होत नाही. तो टाकावाच लागतो. अशी गादी ‘चांगली आहे, फक्त जरा वास येतोय’ म्हणून वाडीवर कामाला येणाऱ्या बाईला देऊ नका. पावसाळाभर बंद राहिलेल्या किनाऱ्यावरच्या बंगल्यांतून पाड्यावर आणि आश्रमशाळेकडे अशा वस्तू पाठवू नका. जे आपल्या मुलाच्या छातीला सोसत नाही ते तिच्या मुलाच्या छातीला कसं सोसेल? द्यायचंच असेल तर नवी गादी द्या, किंवा तेवढे पैसे द्या. बुरशी लागलेला कापूस पिंजायलाही पाठवू नका, कारण पिंजणाऱ्याच्या फुप्फुसात तोच भुगा जातो. टाकायची गादी सुरीने फाडून निकामी करा, प्लास्टिकमध्ये बांधा आणि ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या कचऱ्यात द्या. जाळू नका, खाडीत लोटू नका.

साफ झालेला सोफा परत ठेवताना भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, पायांखाली विटा द्या. नवेपणी घातलेलं प्लास्टिकचं आवरण काढून टाका. त्याखाली घाम आणि ओल कोंडते. त्याच खोलीत ओले कपडे वाळत घालू नका.

आणि शेजारी कुणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल, तर त्याला जड सोफा एकट्याने ओढता येणार नाही. ऊन आहे तोवर दोघे-तिघे मिळून तिथे जा, आणि सूर्य कलण्याआधी त्याची गादी आत नेऊन द्यायलाही जा.