लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर घरची वही

आश्विन अमावास्येची तिन्हीसांज झाली, की घरोघर चौरंग मांडला जातो. त्यावर तांदळाची रास, राशीवर कलश, शेजारी चांदीचे नाणे वा एखादा दागिना, नवी केरसुणी, साळीच्या लाह्या आणि बत्तासे. बळीच्या बंदिवासातून लक्ष्मी या दिवशी मुक्त झाली, अशी आपली श्रद्धा आहे. व्यापाऱ्याच्या पेढीवर याच मुहूर्तावर वहीपूजन होते. नव्या वहीवर तो स्वस्तिक काढतो, हळद-कुंकू वाहतो आणि पाडव्यापासून तीत नवा हिशोब मांडू लागतो. आम्हां नोकरदारांच्या घरी मात्र चौरंग आहे, कलश आहे, नाणे आहे, वही नाही. या एका उणिवेविषयी आज वाचकांशी दोन शब्द बोलावेत, असे आमच्या मनात आहे.

हा विचार मनात घर करून बसला तो २०१९ च्या दिवाळीत. त्या वर्षी धनत्रयोदशी २५ ऑक्टोबरला होती. ऐन त्या आठवड्यात डोंबिवली, ठाणे आदी ठिकाणची गुडविन ज्वेलर्स या पेढीची दुकाने बंद असल्याचे लोकांस आढळले. दरमहा हप्ता भरून वर्षाअखेर सोने घेऊ पाहणारे आणि बँकेहून अधिक व्याजाच्या आशेने ठेवी ठेवणारे शेकडो लोक बंद दारांपुढे जमले. डोंबिवलीच्या रामनगर पोलीस ठाण्यात तक्रारदारांची रीघ लागली. पुढे डिसेंबरात पेढीच्या मालक बंधूंना अटक झाली. न्यायनिवाडा हे न्यायालयाचे काम. तो आमचा विषय नव्हे. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २३ सप्टेंबर २०१९ रोजी, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले होते आणि प्रारंभी खातेदारास अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा ठेवली होती. मुंबई-ठाण्याकडील कित्येक घरांत त्या वर्षी फराळाचे डबे भरले ते केवळ मुलांसाठी.

त्या दिवसांत लोकलच्या डब्यात, वाण्याच्या दुकानात, देवळाच्या पायऱ्यांवर एकच शेरा कानी पडे : ‘हाव नडली!’ आम्हांस हा शेरा तेव्हाही खुपला आणि आजही खुपतो. हे पैसे भरणारे होते तरी कोण? पहाटे उठून डबा करणारी, सात-सव्वासातची गाडी पकडणारी, परतीच्या गाडीत गवार मोडत घरी येणारी माउली. भविष्यनिर्वाह निधीची आयुष्यभराची पुंजी हाती आलेले निवृत्त कारकून. मुलीच्या लग्नासाठी एकेक ग्रॅम साठवणारा गिरणगावातून इकडे स्थलांतरित झालेला संसार. बँकेचे व्याज घटत जाते, डाळ-तेलाचे भाव चढत जातात, आणि सोने तर हाताला लागू देत नाही. अशा वेळी दोन टक्के अधिक मिळाले तर औषधांचा खर्च निघेल, असा हिशोब करणाऱ्यास हावरा म्हणावे काय? ती हाव नव्हे. ती विवंचना होय. पण विवंचना जेव्हा मुक्याने सोसली जाते, तेव्हा ती माणसाला अंधारात हात घालावयास लावते, एवढे मात्र खरे.

आमच्याच घरचे सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही गावातील एका लहानशा सराफाकडे दरमहा दोन हजार रुपये भरत होतो. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कन्येच्या लग्नात चार बांगड्या अचानक पुढे ठेवाव्यात, असा बेत होता. म्हणून हप्त्याचे कार्ड कपाटात धोतराच्या घडीखाली ठेवले होते. एके सकाळी दुकान उघडले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सौभाग्यवतींना सांगावे कसे? तीन आठवडे आम्ही अन्न गोड लागत नसताही गोड म्हणून जेवलो. अखेर एके रात्री धीर करून सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि तांदळाच्या डब्यातून एक कार्ड काढून आमच्यापुढे ठेवले. त्याच दुकानाचे. भाजी-दुधातून वाचवलेले पैसे त्याही दीड वर्ष तिथेच भरत होत्या, त्याच बांगड्यांसाठी! एकाच छपराखाली, एकाच दुकानाची दोन कार्डे, आणि दोघांस एकमेकांचा पत्ता नाही. पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण त्या रात्री जी लाज वाटली, ती पैशाची नव्हती. दोघांपैकी एक जरी आधी बोलले असते, तर निदान एक कार्ड वाचले असते.

घरातील हाच अबोला गावातही असतो. बुडालेला माणूस शेजाऱ्यास सांगत नाही, कारण शेजारी हसेल. आणि शेजारी सावध होत नाही, कारण त्यास कोणी सांगितलेले नसते. २०१९ नंतर आपण शहाणे झालो असे म्हणावे, तर जानेवारी २०२५ मध्ये टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानांपुढे पुन्हा गर्दी उसळली. मॉइसनाईट नावाच्या कृत्रिम खड्यांवर दर आठवड्यास पैसे परत देण्याचे ते आमिष होते. त्या दुकानांपैकी एक आपल्या कल्याणातही होते. अवघ्या पाच वर्षांत आपण इतके विसरलो! बोललो नाही, म्हणून विसरलो.

व्यवहाराच्या चार गोष्टी सणाच्या दिवशी सांगणे अनुचित नव्हे. ठेव घेण्याचा परवाना असलेल्या बँकेतील, मग ती सहकारी का असेना, प्रत्येक खातेदाराच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे कवच असते. पूर्वीची एक लाखाची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून वाढली आहे. सराफाकडील हप्त्यांस असे कवच नाही. कंपनी असलेल्या पेढीने मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती करावी, असा २०१४ च्या नियमांचा दंडक आहे; अकरा महिन्यांच्या योजना निघाल्या त्या म्हणूनच. त्यापलीकडे कोणी मुदतठेव म्हणून पैसे मागू लागला, तर तेथेच पाऊल थबकले पाहिजे. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ मध्ये झाला. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा तर १९९९ पासून आहे. बुडव्याची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे देणे भागवण्याची तरतूद त्यात आहे. परंतु जप्ती, लिलाव, वाटप या वाटेवर वर्षेच्या वर्षे जातात. वर उल्लेखिलेली बँक जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तेव्हाही मोठ्या ठेवीदारांच्या उरलेल्या रकमा दहा वर्षांपर्यंत लांबल्या. कायदा बुडाल्यानंतर धावतो. घरातील सावधपणा आधी धावू शकतो.

आणि हा सावधपणा आपल्या गावांस नवा आहे काय? डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ ची, कल्याण जनता सहकारी बँक १९७३ ची. अल्प वेतनातील थोडे थोडे एकत्र करून स्वतःची बँक उभारावी, ही ईर्षा बाळगणारे लोक आपल्यासारखेच चाकरमाने होते. सहकाराचा पाया भागभांडवल हा खराच. पण त्याहून खोल पाया म्हणजे चारचौघांसमोर वाचलेला ताळेबंद. सभासद उठून प्रश्न विचारी आणि संचालकास उत्तर द्यावे लागे. दुकानाचा संगमरवर आणि काउंटरवरील देवाची तसबीर पाहून पैसे देणे ही श्रद्धा नव्हे. श्रद्धा देवावर ठेवावी. दुकानदाराकडे पावती मागावी. पावती मागितल्याने प्रामाणिक माणसाचा अपमान होत नाही.

म्हणून आमची सूचना एवढीच, की या लक्ष्मीपूजनास चौरंगावर एक साधी वही ठेवावी. शाळकरी शंभर पानी चालेल. तीत घरातील प्रत्येक ठेव, हप्ता, भिशी, विमा आणि कर्ज लिहावे : पैसे कोठे आहेत, कोणाच्या नावे आहेत, पावती कोठल्या कपाटात आहे. पूजा-आरती झाली, लाह्या-बत्तासे वाटले, की ती वही घरातील मोठ्यांनी मिळून एकदा वाचावी.

कोणी म्हणेल, सणासुदीला पैशाचे रडगाणे कशाला? पण पेढीवर ज्यास पूजा म्हणतात, ते घरी रडगाणे कसे होईल? दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि तो आम्ही मनापासून मानतो. डाळीच्या डब्यात चार पैसे दडवणे हा कित्येक स्त्रियांचा एकमेव आधार होता आणि आहे. ते उघडे केले तर ते तिच्या हाती राहतीलच, याची शाश्वती प्रत्येक घरात नाही. त्या भगिनींना आम्ही एवढेच विनवितो, की ती गोष्ट सर्वांस सांगू नका; परंतु बहीण, लेक, सून, कोणी एक विश्वासाचे माणूस तरी जाणते असू द्या. वडीलधाऱ्यांसही प्रार्थना, की मुलांस हिशोब दाखविल्याने वडीलपण उणे होत नाही. आणि ज्यांचे बुडाले आहे, त्यांच्या घरी या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन जावे. ‘हाव नडली’ हे शब्द मात्र उंबऱ्याबाहेर ठेवावेत.

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते, असे आपण मानतो. पंधराच दिवसांनी ती आपल्या चौरंगावर येते, ती त्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्यासाठीच जणू! जागे असणे म्हणजे रात्रभर काळजीत तळमळणे नव्हे; ती तर आपल्यापैकी कित्येकांच्या वाट्यास नित्याचीच आहे. ती काळजी दोघांनी वाटून घेणे, कागदावर उतरवणे, हे जागेपण. मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालविण्याची आपली रीत आहे. नव्या केरसुणीने कोनाकोपरा झाडताना कपाटातील घडीखालचे आणि तांदळाच्या डब्यातले ते कार्डही यंदा बाहेर निघो. लपविलेले जेथे काही उरत नाही, तेथे लक्ष्मी सुखाने नांदते. आमच्या घरी आता वही एकच आहे, आणि अक्षर दोघांचेही आहे.

सर्व वाचकांस ही दीपावली सुखाची, समाधानाची आणि जागेपणाची जावो. शुभं भवतु.