सुरवंटावाचून फुलपाखरू?

फुलपाखरू हवे, पण सुरवंट नको, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. 2015 साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य-फुलपाखराचा मान दिला, असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. काळ्या मखमलीवर निळी झळाळी ल्यालेला तो देखणा जीव! कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्याची मादी अंडी घालते ती माकडलिंबू, लिंबोणी अशा एकाच कुळातल्या झाडांवर. सुरवंट आधी पाखराच्या विष्ठेसारखा दिसतो, पुढे पानासारखा हिरवा होतो. या सोंगाला पाखरे फसतात. आमचा औषधाचा पंप मात्र फसत नाही. चार पाने कुरतडलेली दिसली की तो बाहेर निघालाच!

“मग झाड मरू द्यायचे काय?” असे कुणी विचारील. रोप अगदीच लहान असेल, तर सुरवंट अलगद उचलून मोठ्या लिंबोणीवर ठेवा. भरल्या झाडाला पुन्हा पालवी फुटतेच. नुसती मधाची फुले लावून वर औषध मारणे म्हणजे पंगतीला बोलावून पाळणा मोडणे होय.

वाचकहो, या दिवाळीत अंगणात एक लिंबोणी लावा आणि तिची थोडी पाने सुरवंटांच्या नावाने सोडा. जिथे एकही पान कुरतडलेले नाही, त्या बागेत निळे पंख जन्मत नाहीत.