शेवटचे कडवे

हल्ली लग्नाची वरात बँडच्या मागे कमी आणि डीजेच्या मागे अधिक चालते. ती कर्ण्यांची भिंत दारावरून गेली की खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि घरातली वडील मंडळी कानांवर हात ठेवतात. पण त्या गाडीवर वाजणारे गाणे तयार कुठे होते? पुष्कळदा ते एखाद्या घराच्या माडीवर, साध्या संगणकावर, सारे घर निजल्यावर होते; आणि मौज अशी की, कानाला हेडफोन लावून, अगदी बिनआवाजी!

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना बिडकीन लागते. तिथला आमचा एक जुना विद्यार्थी हा उद्योग करतो. त्याने सारे मोठ्या हौसेने दाखवले. पडद्यावर गाणे डोंगररांगेसारखे दिसते. ठोका तिथे सुळका. एका गाण्यात मिनिटाला 96 ठोके आणि दुसऱ्यात 104 असले, तर आधी दोघांची लय एक करायची, स्वर मात्र चढू द्यायचा नाही. मग सुळक्यावर सुळका बसवून पहिले हळूहळू बारीक करायचे, दुसरे मोठे. दोन्हींचे ढोल एकदम घुमले तर नुसता चिखल होतो. म्हणून त्या वेळी एकाचा खर्ज उतरवून ठेवायचा. ऑडॅसिटीसारखी साधने फुकट मिळतात. कान तेवढा ज्याचा त्याने आणायचा!

जयंतीच्या मिरवणुकीसाठी त्याने एक भीमगीत जोडले होते. जोड कुठे कळत नव्हता.

"पण अरे, शेवटचे कडवे कुठे गेले?" मी विचारले.

"तिथवर कोण नाचतं, सर? मुखडा आणि एक अंतरा, बस्स. नाच थांबला की पुढची सुपारी गेली."

त्याचेही पोट त्यावर आहे, हे खरेच. पण आपल्याकडे कवी आपले नाव ठेवतो ते नेमके शेवटी. वामनदादा कर्डकांचा (1922–2004) 'वामन' तिथेच भेटतो, पैठणच्या नाथांचे 'एका जनार्दनी'ही तिथेच. कात्री तिथे चालली की कवीच गेला. आणि त्या जागी दर अर्ध्या मिनिटाला भारदस्त आवाजात डीजेचे नाव! 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी गाऊन झाल्यावर गौहर जान यांनीही स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारले होते. पण गाणेही त्यांनीच गायिले होते.

संपादन नाथांनीही केले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लोकांनी घुसडलेले काढले, ज्ञानदेवांचे ज्ञानदेवांना ठेवले. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 57 वे कलमही सांगते की, हक्क विकले तरी कृती आपली म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार उरतोच.

सबंध कडवे नको असेल तर नको. जिथे स्वतःच्या नावाची आरोळी घालता, तिथे त्याच गाण्यातली कवीच्या नावाची ओळ घाला. ती मुळातच तालात असते. आमच्या विद्यार्थ्याने ती बसवून पाहिली; ठोका एकही चुकला नाही.