ट्रेल रेस: कचरा उचलला म्हणजे झालं?

पाऊस उघडला की आपल्याकडे ट्रेल रेसच्या जाहिराती सुरू होतात. पोस्टरवर हिरवा डोंगर, त्यावरून धावणारा एक जण आणि खाली ठरलेला शब्द: इको-फ्रेंडली. मी स्वतः धावतो, भोर-वेल्हे भागातल्या स्पर्धांना स्वयंसेवक म्हणूनही जातो, त्यामुळे हे बाहेर बसून मारलेले टोमणे समजू नका. पण इको-फ्रेंडली म्हणजे नेमकं काय, असं आयोजकांना विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच येतं. आम्ही शेवटी सगळा कचरा गोळा करतो.

अहो, तो करायलाच हवा. त्यात कौतुक कसलं?

आणि तोही पूर्ण गोळा होत नाही. स्पर्धेत सगळ्यांच्या मागून पोतं घेऊन चालायचं काम मी केलंय. बाटल्या दिसतात, त्या उचलता येतात. पण एनर्जी जेलच्या पाकिटाचा दाताने फाडलेला तो नखाएवढा कोपरा गवतात कुठे शोधणार? शंभर पाकिटं सापडली तरी कोपरे जेमतेम दहा-वीस. कागदी कपाचंही तसंच. कागदी म्हणून मनाला बरं वाटतं, आतून प्लॅस्टिकचा थर असतोच. यावरचा उपाय सोपा आहे, पाणी देताना कपच द्यायचा नाही. युरोपात मों ब्लां पर्वताभोवतीच्या प्रसिद्ध शर्यतीत स्वतःचा पेला सक्तीच्या सामानात असतो. आपल्याकडेही काही जण हे करू लागलेत. चांगलंच आहे.

माझा मुद्दा मात्र कचऱ्याचा नाही, वाटेचा आहे.

सह्याद्रीतली पायवाट म्हणजे काय, तर कातळावर बसलेला मातीचा थर आणि त्याला धरून ठेवणारं गवत. गुराखी, दूध घालायला जाणारे, शाळेची पोरं यांच्या पायांनी ती वाट पडलेली असते. एकामागोमाग एक चालायची. त्यावरून एका सकाळी पाचशे-सातशे लोक नक्षीदार तळव्यांचे बूट घालून पळत गेले, तेही ऑक्टोबरात माती अजून ओली असताना, की काय होतं? चिखल टाळायला लोक कडेच्या गवतावरून जातात. पुढच्याला गाठायचं तर बाहेरून जावं लागतं. उतारावर वळण घेण्याऐवजी सरळ खाली उड्या. हातभर वाट चार हात होते. पुढच्या जूनमध्ये पाणी त्याच उघड्या मातीतून धावतं आणि वाटेचा ओढा होतो. त्या कडेला फुललेली सोनकी तुडवली जाते ती वेगळीच. दोन-तीन वर्षांनी त्या सोंडेवर निव्वळ घसारा उरतो. मग गावातली म्हातारी माणसं दुसरी वाट शोधतात, आणि आपण त्या टप्प्याला ‘टेक्निकल सेक्शन’ म्हणून जाहिरातीत टाकतो!

म्हणून खरा प्रश्न असा, की एका वाटेवर एका दिवशी किती माणसं? आज हा आकडा ठरतो नोंदणीवरून. प्रतिसाद चांगला आला की आयोजक जागा वाढवतात. फी गुणिले माणसं, हिशोब सरळ आहे.

हे वेगळ्या पद्धतीने होऊ शकतं. कॅलिफोर्नियात वेस्टर्न स्टेट्स नावाची १०० मैलांची शर्यत आहे, जगातली सर्वांत जुनी म्हणतात ती. तिच्या मार्गात ग्रॅनाइट चीफ हा भाग लागतो, १९८४ च्या कायद्याने तो संरक्षित अरण्य झाला. त्यामुळे धावकांची संख्या सरासरी ३६९ वर बांधलेली आहे. अर्ज हजारोंनी येतात, चिठ्ठ्या टाकून निवड होते, पण अर्ज वाढले म्हणून जागा वाढत नाहीत. वर निवड झालेल्या प्रत्येकाने शर्यतीआधी ८ तास स्वयंसेवा करायची, त्यात वाटांची दुरुस्ती येते. आपल्या भाषेत श्रमदान. श्रमदानाचा मक्ता घेतलेल्या महाराष्ट्रात ट्रेल रेसच्या फॉर्मवर टी-शर्टचा साइज विचारतात, श्रमदानाचं कोणी विचारत नाही.

इतक्या लांब कशाला जायचं, आपलं कास घ्या. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. फुलांच्या हंगामात दिवसाला ३ हजार माणसांची मर्यादा आणि आधी बुकिंग, असं करावं लागलं. तिथे आजूबाजूच्या गावांच्या समित्या वनविभागाबरोबर व्यवस्था बघतात आणि शुल्कही घेतात. कुरकुर होते, गर्दीही होते, पण मर्यादा घालता येते एवढं तरी सिद्ध झालं ना? मग सोंडेवरच्या एका अरुंद वाटेला ती का नको? आणि २०२५ मध्ये राजगडासह आपल्या किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळालाय. त्याच्या वाटांवर बाणासाठी ऑइलपेंट फासणं आणि पहाटे पाचला पायथ्याशी डीजे लावणं आता तरी बंद व्हावं. खुणेला कापडी फीत पुरते, संध्याकाळी सोडून आणता येते.

गाड्यांचंही बोलू. तीन-साडेतीनशे धावक पुण्या-मुंबईहून येणार, बरेच जण एकेकटे गाडी घेऊन. पहाटेच्या वेळेला एसटी मिळत नाही हे खरं. मग स्वारगेटहून बस सोडा, तिचे पैसे फीमध्येच धरा. शेताच्या बांधावर लावलेल्या गाड्यांची रांग बघितली की बांबूच्या मेडलचं मला हसू येतं.

आता तुम्ही म्हणाल, दर रविवारी सिंहगडावर केवढी झुंबड उडते, ते चालतं आणि आम्हीच डोळ्यांत का खुपतो? बरोबर आहे, पर्यटकांची घाण कितीतरी जास्त. पण रविवारच्या गर्दीला कोणी मालक नाही. स्पर्धेला असतो. तिला तारीख असते, परवानगी असते, प्रायोजक असतात आणि आपण दोन-तीन हजार रुपये मोजलेले असतात. अट घालायला इतकी सोपी जागा दुसरी नाही. दुसरं असं, की स्पर्धेने पायथ्याच्या गावात चार पैसे येतात, घरगुती जेवण, मुक्काम, जीप. ते मला नक्कीच हवंय. म्हणूनच स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाहीये. वाट वाहून गेली तर उद्या स्पर्धाही नाही आणि गावाची मिळकतही नाही.

वनविभागाने परवानगी देताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: वाटेप्रमाणे धावकांची कमाल संख्या, पाऊस लांबला तर तारीख पुढे ढकलायची तयारी, आणि दर माणशी ठरावीक रक्कम गावाच्या वन समितीकडे वाटदुरुस्तीसाठी. स्पर्धेआधी आणि पावसाळ्यानंतर त्याच ठिकाणांहून वाटेचे फोटो काढून ते सगळ्यांना दाखवावेत. खर्च शून्य. आणि आपण धावकांनी नोंदणी करण्याआधी आयोजकाला फोन करून एवढंच विचारायचं, की मागच्या वर्षीच्या वाटेची डागडुजी कोणी केली? उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा.

मे महिन्यात, पावसाआधी, आमच्याकडच्या एका वाटेवर आडवे चर काढायचे आणि दगड रचायचे असं काही जणांनी ठरवलंय. गावातले दोन जाणते दादा दाखवणार आहेत, पाणी कुठून वळवायचं ते. पहाटे सहा ते दहा. घमेली-टिकाव आहेत, हातमोजे आणि पाण्याची बाटली आपापली. यायचं असेल तर इनबॉक्समध्ये नाव आणि कुठून येणार ते कळवा, म्हणजे गाड्या कमी आणता येतील.