खंडाचे शपथपत्र

पदवीचे शिक्षण अर्धवट सोडून काही वर्षांनी ते पुरे करू पाहणाऱ्या व्यक्तीकडे आपली विद्यापीठे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे जाणून घ्यायचे असेल तर त्यांची गुळगुळीत माहितीपत्रके बाजूला ठेवावीत आणि प्रवेश-कक्षाच्या खिडकीवर चिकटवलेली कागदपत्रांची यादी वाचावी. गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, आणि शेवटी पुष्कळ ठिकाणी एक ओळ : शिक्षणात खंड असल्यास मुद्रांक कागदावर, नोटरीसमोर केलेले शपथपत्र. व्यवहारात यालाच गॅप सर्टिफिकेट म्हणतात.

या शपथपत्राचा मजकूर देशभर साधारण सारखाच असतो. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मी अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतला नाही, आणि त्या काळात कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात माझा सहभाग नव्हता. बारावीनंतर लगेच येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाकडून असे काही लिहून घेतले जात नाही. तो निर्दोष आहे हे गृहीतच असते. ज्याचे वडील आजारी पडले, ज्याला फी परवडली नाही, जिचे लग्न लावून दिले, त्याने किंवा तिने मात्र मधल्या वर्षांत आपण गुन्हा केला नाही हे शपथेवर सांगायचे. हा अपमान आहे, आणि तो आपण इतकी वर्षे छापील नमुन्यातून करीत आलो आहोत.

बरे, या कागदाने सिद्ध काय होते? नोटरी मजकुराची सत्यता तपासत नाही. समोरच्या माणसाने आपल्यासमोर शपथ घेऊन सही केली, एवढ्याचीच तो साक्ष देतो. विद्यापीठही मजकूर तपासत नाही, कारण तपासण्याची यंत्रणाच त्याच्याकडे नाही. ज्याने खरोखर काही लपवायचे आहे तो बिनदिक्कत लिहून देतो आणि त्याचाही प्रवेश होतो. मग उरते काय? मुद्रांक विक्रेत्यापुढची रांग, कचेरीबाहेरच्या टंकलेखकाचे पैसे, नोटरीचे पैसे आणि एक बुडालेला दिवस. रोजंदारीवर किंवा खाजगी नोकरीत असलेल्या माणसाला तो दिवस किती महाग पडतो, हे महिन्याच्या शेवटी ठराविक पगार घेणाऱ्या आपल्यासारख्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

शपथपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र, दोहोंच्या मुळाशी एकच जुना नियम होता : एका वेळी एका विद्यार्थ्याचे नाव एकाच विद्यापीठाच्या पटावर असावे. म्हणून पहिल्या विद्यापीठाने ‘हा आता आमचा नाही’ असे लिहून द्यायचे आणि मगच दुसऱ्याने त्याला घ्यायचे. नियम त्या काळी समजण्यासारखा होता. परंतु एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेच दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास मुभा दिली. एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ वा ऑनलाइन, किंवा तासिकांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही प्रत्यक्ष. म्हणजे ‘मी दुसरीकडे शिकत नव्हतो’ ही शपथ ज्या गोष्टीपासून संरक्षण देते, ती गोष्ट आज राजरोस परवानगीची आहे. कारण गेले, कागद राहिला. आपल्या प्रशासनात असे कागद थोडेथोडके नाहीत.

दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००९ मधील आपल्या बाराव्या अहवालात कार्यपद्धती सोपी करण्यासाठी स्वयं-प्रमाणनाची शिफारस केली. पुढे केंद्र सरकारने स्वसाक्षांकित प्रती स्वीकारण्याचे धोरण आणले आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारातील झेरॉक्सधारकांची गर्दी ओसरली. निवृत्तिवेतनधारक हयात असल्याचा दाखला २०१४ पासून घरबसल्या देऊ शकतो. माणूस जिवंत आहे हे बोटाच्या ठशावर मान्य होते. तो चार वर्षे शिकत नव्हता, यासाठी मात्र मुद्रांक लागतो. असो.

आता नव्या व्यवस्थेकडे वळू. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षण मध्येच सोडणे आणि परत येणे या दोन्ही गोष्टी प्रथमच उघडपणे स्वीकारल्या. जुलै २०२१ मध्ये श्रेयांक साठविणाऱ्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम आले. डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्याने तपशील ठरविला : पहिल्या वर्षानंतर चाळीस श्रेयांक आणि चार श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र मिळेल, तीन वर्षांच्या आत तो परत येऊ शकेल आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करू शकेल. धोरण चांगलेच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की दिल्लीत ‘पुनःप्रवेश’ हा शब्द लिहिला गेला, पण विद्यापीठांच्या खिडक्यांवर तो पोहोचला नाही. अनेक ठिकाणी परतणाऱ्या विद्यार्थ्याला नव्या प्रवेशाचाच अर्ज भरावा लागतो, आणि तोही नव्या प्रवेशाच्या मुदतीत. ज्या विद्यापीठाने त्याची परीक्षा घेतली, निकाल लावला, गुणपत्रिका छापली, तेच विद्यापीठ त्याच्याकडून त्या गुणपत्रिकेची प्रत मागते. स्वतःच्या दप्तरात पाहण्याऐवजी ते विद्यार्थ्याच्या पिशवीत पाहते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांना या गोष्टीचा एक खास पैलू ठाऊक असेल. नागपुरात बी. ए. चे पहिले वर्ष केलेली मुलगी लग्न होऊन हैदराबादला जाते. मराठी रीतीप्रमाणे तिचे मधले नाव वडिलांचे होते, ते पतीचे होते, आडनाव बदलते, काही घरांत तर पहिले नावही बदलते. म्हणजे तीन भागांच्या नावातील एकही भाग जुना राहीलच असे नाही. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. श्रेयांकांचे खाते डिजिलॉकरमधून उघडावयाचे आणि तेथे ओळख पटते ती बहुधा आधारवरून. यंत्राच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका आहेत. मग विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातील नावबदल, आणि पुन्हा ‘अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती’ असे आणखी एक शपथपत्र. तेलंगणातील कारकुनाला मधल्या नावाची ही पद्धत परकी. त्याच्या अर्जात पहिले नाव आणि आडनाव असे दोनच रकाने. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रकाने आखणाऱ्याला द्यावा. लग्नामुळे शिक्षण सुटणे ही या देशात अपवादाची गोष्ट नाही. तरीही परतणारीचे नाव बदललेले असू शकते, एवढी साधी शक्यता अर्ज तयार करताना कोणाला सुचत नाही!

जुन्या विद्यार्थ्यांना परत घेताच येत नाही असेही नाही. दिल्ली विद्यापीठ १९२२ मध्ये स्थापन झाले. २०२२ मध्ये शताब्दीच्या निमित्ताने त्याने, पदवी अपुरी राहिलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना उरलेले विषय देण्याची खास संधी दिली. पंजाबच्या विद्यापीठांत अशा संधीला ‘गोल्डन चान्स’ म्हणतात. हजारोंना त्याचा लाभ झाला असेल, आनंद आहे. पण एखाद्याची पदवी पुरी होण्यासाठी विद्यापीठाचा शंभरावा वाढदिवस का उजाडावा लागावा? जुनी नोंद शोधता येते, उरलेले विषय ठरविता येतात, परीक्षा घेता येते, हे जर २०२२ मध्ये सिद्ध झाले तर ते दरवर्षी का नाही? कृपा म्हणून जे करता येते ते नियम म्हणूनही करता येते. फरक इतकाच, की नियम केला तर उपकार केल्याचे समाधान मिळत नाही. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ याबाबत शहाणे ठरले : कमाल मुदतीत पदवी पुरी न झाल्यास उरलेल्या विषयांपुरते शुल्क भरून तेथे ठराविक काळासाठी पुनःप्रवेश मिळतो. सुवर्णसंधी नाही, समारंभ नाही.

यावर माझ्या व्यवसायबंधूंचा ठरलेला आक्षेप आहे : बनावट गुणपत्रिकांचे काय? बनावट गुणपत्रिका ही खरी समस्या आहे. पण ती शपथपत्राने कशी थांबते? बनावट गुणपत्रिका करणारा शपथपत्राला भिईल काय? तिला उत्तर एकच, मूळ नोंदीशी ताडून पाहणे, आणि मूळ नोंद विद्यापीठांकडेच असते. डिजिलॉकरमधील दस्तऐवज मूळ प्रतीच्या तोडीचे मानावेत असा नियम २०१७ पासून आहे. त्याआधीच्या जाडजूड नोंदवह्या धूळ खात असतील, तर ती धूळ विद्यार्थ्याने का झटकावी? अभ्यासक्रम बदलला ही दुसरी अडचण. ती खरीच आहे, पण समकक्षतेचा तक्ता अभ्यास मंडळाने एकदा करावयाचा असतो, प्रत्येक अर्जदारासाठी नव्याने नव्हे.

करावयाचे फार नाही. परतणाऱ्याने आपला जुना नोंदणी क्रमांक द्यावा, नाव बदलले असेल तर आपल्या सहीने तसे लिहून द्यावे. विद्यापीठाने आपली नोंद पाहून पंधरा दिवसांत त्याला लेखी कळवावे की कोणते विषय झाले, कोणते उरले, किती शुल्क आणि कोणत्या सत्रापासून. पहिले विद्यापीठ वेगळे असेल तर दोन कुलसचिवांनी आपापसात पत्रव्यवहार करावा. माहिती खोटी निघाली तर प्रवेश रद्द करण्याचा अधिकार आहेच, तो वापरावा. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये सेवा ठराविक मुदतीत देण्याचे कायदे केले. त्यांच्या धर्तीवर ही पंधरा दिवसांची सेवा अधिसूचित करता येईल, आणि उशिराबद्दल उत्तर देणारा अधिकारी नावानिशी ठरविता येईल. त्यासाठी नवा कर्मचारी लागत नाही, नवी इमारतही लागत नाही.

आणि आकडे जाहीर व्हावेत. दिल्ली विद्यापीठाने नवा पदवी आराखडा २०२२-२३ पासून लागू केला. त्या वर्षी प्रवेश घेऊन २०२३ मध्ये बाहेर पडलेल्यांची परतण्याची तीन वर्षे २०२६ मध्ये पुरी होतात. इतर विद्यापीठांच्या पहिल्या तुकड्या त्यांच्या मागोमाग आहेत. किती गेले, किती परत आले, किती अर्ज कोणत्या कागदाअभावी परत पाठविले गेले, एवढे तीन आकडे प्रत्येक कुलसचिवाने दरवर्षी जूनमध्ये आपल्या संकेतस्थळावर लावावेत. ते लावण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.