हसावे की नाही? : एका विशेष शिक्षिकेच्या रोजनिशीच्या निमित्ताने

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका विशेष शाळेत पाहुणे म्हणून जाण्याचा योग आम्हा मराठीच्या तीन प्राध्यापकांना आला. भाषणाची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याने ते लिहून नेले होते, आणि अशा भाषणांत जे असते ते सगळे त्यात होते. 'ही देवाघरची फुले आहेत' हे वाक्य येताच पहिल्या रांगेतला एक मुलगा उठून उभा राहिला. डोक्याला पुठ्ठ्याची शिंगे, पाठीवर झूल. शिक्षिकेकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, "बाई, मी फूल नाय. मी बैल हाये." भाषणानंतर पोळ्यावरची नाटिका व्हायची होती आणि आपल्या प्रवेशाची वाट पाहून तो कंटाळला होता. बाई खळखळून हसल्या, वर्ग हसला, तो मुलगाही हसला. आम्ही तिघे मात्र हसलो नाही. हसावे की नाही, हेच आम्हाला ठरवता आले नाही.

त्या बाई एके काळच्या आमच्या विद्यार्थिनी. मराठी घेऊन एम. ए. झाल्या, पुढे विशेष शिक्षणाची पदविका घेतली, आणि या शाळेत येण्यापूर्वी काही वर्षे फिरत्या विशेष शिक्षिका म्हणून एस. टी.ने गावोगावच्या शाळा करत होत्या. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत पसरलेला, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा असा हा जिल्हा. त्यात 'फिरती' या शब्दाचा अर्थ काय होतो, ते येथील वाचकांना सांगायला नको. परतताना त्यांनी आम्हाला आपली रोजनिशी वाचायला दिली. "सर, तुमच्या भाषणात आमची शाळा नव्हती. ती यात आहे," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या रोजनिशीबद्दल आणि आमच्या न हसण्याबद्दल येथे लिहायचे आहे.

दर वर्षी आम्ही हास्यरस शिकवतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे विभाव सांगताना भरताने विकृत वेष, असंबद्ध बोलणे यांच्या जोडीला 'व्यंगदर्शन'ही सांगितले आहे. म्हणजे दुसऱ्याच्या शरीरातील उणे दिसणे हे हसू येण्याचे एक मान्य कारण होते. विदूषक बुटका, कुबडा, दात पुढे आलेला असावा, या वर्णनामागे हीच समजूत आहे. आमच्या बोलीनेही ती सोडलेली नाही. आंधळ्याच्या दळण्यावर आणि बहिऱ्याच्या ऐकण्यावर किती म्हणी बेतलेल्या आहेत, ते एकदा मोजून पाहावे. लोकनाट्यातला आणि चित्रपटातला तोतरा अजूनही टाळ्या घेतो.

या हसण्याची सुशिक्षितांना यथावकाश लाज वाटू लागली, आणि तसे वाटणे योग्यच होते. पण त्या हसण्याच्या जागी आम्ही काय आणले? एक तर करुणा, नाही तर गौरव. जयवंत दळवींचे 'नातीगोती' बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईवडिलांची कोंडी मांडते. १९९१ सालच्या 'चौकट राजा'तला नंदू प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणतो. या कलाकृतींचे मोल आम्ही कमी लेखत नाही. दळवींनी जे पाहिले ते घरातल्या रात्रीचे सत्य आहे. परंतु विशेष शाळा सकाळी अकराला भरते, आणि सकाळी अकरा वाजताचे साहित्य मराठीत फार थोडे आहे. परंपरेने जेथे उपहास होता तेथे आम्ही गंभीर चेहरा बसवला, आणि या मुलांशी आपले जे तिसरे नाते असू शकते, बरोबरीने हसण्याचे, ते तसेच राहून गेले.

हेलन केलरचे उदाहरण घ्या. १८८७ सालच्या एप्रिल महिन्यात अ‍ॅन सलिव्हनने तिच्या एका हातावर पंपाचे पाणी सोडले आणि दुसऱ्या हातावर त्या शब्दाची अक्षरे लिहिली, हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. पण हेलनने आत्मचरित्रात त्याआधीचा आणखी एक प्रसंग नोंदवला आहे. या नव्या बाईंना तिने त्यांच्याच खोलीत कोंडले आणि किल्ली लपवून ठेवली. शेवटी वडिलांना शिडी लावून बाईंना खिडकीतून उतरवून घ्यावे लागले, आणि हेलनला त्याचा कोण आनंद झाला! पंप जगाच्या लक्षात राहिला, शिडी राहिली नाही. विशेष शिक्षिकेच्या आयुष्यात पंपाचे दिवस मोजके असतात. बाकी सारे शिडीचे.

आमच्या विद्यार्थिनीची रोजनिशी ही अशी शिडीची वही आहे. विशेष शाळेत प्रत्येक मुलाचा वेगळा शैक्षणिक आराखडा करावा लागतो आणि त्यातील उद्दिष्टे मोजता येतील अशी लिहावी लागतात. 'शर्टाची तीन बटणे पाचपैकी चार वेळा स्वतः लावतो', अशी. एका मुलाला हे साधायला सात महिने लागले. साधले त्या दिवसापासून त्याला उघडे बटण सहन होईना. तो वर्गातल्या प्रत्येकाची बटणे लावत सुटला. पुढे तपासणीसाठी एक अधिकारी आले. उन्हामुळे त्यांनी गळ्याचे बटण सोडले होते. मुलगा सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत ते बटण लावून मोकळा झाला. बाईंची नोंद: 'उद्दिष्ट साध्य. साहेब दिवसभर गुदमरले, पण बटण काढले नाही.'

दुसरी नोंद व्यवहारज्ञानाची. दहा रुपयांची नोट न्यायची, पाच रुपयांचा बिस्किटपुडा घ्यायचा आणि पाच रुपये परत आणायचे, हा पाठ. वर्गात खोटे दुकान मांडून महिनाभर सराव झाला आणि मग खऱ्या दुकानात परीक्षा. मुलाने नोट दिली, पुडा घेतला. दुकानदार पाच रुपये परत देऊ लागला, तर हा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. उद्या येतोच ना." आराखड्याच्या रकान्यात बाईंना 'असाध्य' लिहावे लागले. रोजनिशीत मात्र त्यांनी लिहिले आहे की बेरीज-वजाबाकी राहिली, पण दुकानात याचे खाते उघडले. त्या गावात निम्म्या प्रपंचांची चूल खात्यावरच पेटते, हे लक्षात घेतले तर नापास कोण झाले, मुलगा की प्रश्नपत्रिका, असा प्रश्न पडतो.

तिसरी नोंद आम्हा भाषेच्या लोकांना विशेष प्रिय आहे. एक मुलगी बोलत नाही. तिच्यासाठी चित्रांचा तक्ता केलेला: पाणी, जेवण, आई, बाई, घर, शू. वर्षभर ती एका वेळी एकाच चित्रावर बोट ठेवत असे. दोन चित्रे जोडणे म्हणजे वाक्याचा जन्म, म्हणून बाई त्या क्षणाची वाट पाहत होत्या. एका दुपारी, मणी ओवण्याचा पाठ चौथ्यांदा सुरू झाला तेव्हा, मुलीने शांतपणे आधी बाईंच्या चित्रावर बोट ठेवले आणि मग घराच्या. 'बाई, घरी.' क्रियापद नाही, पण अर्थ आज्ञार्थी आणि निःसंदिग्ध. आयुष्यातले पहिले वाक्य तिने बाईंना घालवून देण्यासाठी वापरले होते. बाईंनी दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे वाटले. तसे पाहता या जिल्ह्याला तक्त्यावरची भाषा नवी नाही. नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळत होते आणि कित्येक वर्षे अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून बोलत होते. न बोलणाऱ्याला बोलायचे नसते असे नाही, हे आपल्याला फार पूर्वी कळायला हवे होते.

आणि एक नोंद अगदी अलीकडची. हरवले तर सांगता यावे म्हणून मुलांकडून नाव-पत्ता पाठ करून घेतात. एका स्वमग्न मुलाने दोन वर्षांच्या मेहनतीने गाव, तालुका, जिल्हा असा पूर्ण पत्ता पाठ केला, आणि २०२४ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले. पाठ झालेली गोष्ट बदलणे त्याला फार जड जाते. बरेच दिवस झटापट झाली. आता तो पत्ता असा सांगतो: "जिल्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर." त्यातला 'आता' त्याने स्वतः घातला आहे. यापेक्षा नेमकी नोंद आम्हाला कोठे आढळलेली नाही.

या नोंदी वाचताना आम्हाला राहून राहून लीळा आठवत होत्या. मराठी गद्याचा आरंभच लहान लहान प्रसंगांच्या नोंदींनी झाला, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. म्हाइंभटांच्या नावावरील ऋद्धिपूरलीळेत गोविंदप्रभू कोणाच्याही घरात शिरतात, मनाला येईल ते खातात, मूर्तींशी बोलतात, रुसतात, हसतात. गावातले लोक त्यांना वेडेही म्हणतात आणि आई-बापही म्हणतात, अडचणीत त्यांच्याकडेच धाव घेतात. तेथे श्रद्धेचा विषय परमेश्वर आहे, शाळेतील मुलांशी त्याची तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. आम्ही बोलतो आहोत ते लिहिण्याच्या रीतीबद्दल. चारचौघांसारखे नसलेले वागणे पाहून लिहिणारा हसू दडवत नाही, दयाही दाखवत नाही, तात्पर्यही काढत नाही. काय घडले, कोठे घडले, कोण काय म्हणाले, एवढे तो सांगतो. एखादा प्रसंग दोघांनी दोन प्रकारे सांगितला असेल, तर महानुभाव परंपरा ते दोन्ही पाठ जपून ठेवते. उपहास आणि करुणा यांच्या पलीकडची जी वाट आम्ही शोधत होतो, ती आमच्याच अभ्यासक्रमात होती.

एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. आनंदाच्या या गोष्टी सांगितल्या की विशेष शिक्षिकेचे कष्ट झाकले जातात, 'हसतमुख सेविका' म्हणून तिची पाठ थोपटली की पगाराचा प्रश्न मागे टाकता येतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. सर्वसाधारण शाळांतील दिव्यांग मुलांसाठी प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे १ आणि त्यापुढे १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक असावा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली घालून दिले. कागदावरचे हे आकडे आणि कंत्राटी शिक्षिकेची एस. टी.तली सकाळ यांत किती अंतर आहे, ते बाईंच्या वहीत पानोपानी दिसते. आम्ही हे त्यांच्यापाशी काढले तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, या हसण्याचे पैसे कोणी मला देऊ नयेत. आणि ते हसणे दाखवून कोणी माझे पैसेही कापू नयेत." यात आम्हाला भर घालण्यासारखे काही नाही.

पण कष्टांची नोंद करण्यासाठी हसू पुसण्याची गरज नाही. शेजारच्या नाशकात रजनी लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, त्याच्या किती तरी आधी पुण्यात 'कामायनी' उभी राहिली. इतक्या वर्षांत अशा शाळांतून किती बाई-गुरुजी निवृत्त झाले असतील आणि त्यांच्याबरोबर किती लीळा गेल्या असतील! 'मतिमंद' गेले, 'दिव्यांग' आले. शब्द बदलले म्हणून नजर बदलतेच असे नाही. नजर बदलते ती तपशिलाने. ज्याने सात महिने एका बटणाची वाट पाहिली आहे त्याचे हसणे आणि तोतऱ्यावर टाळ्या पिटणाऱ्याचे हसणे, या दोहोंना मराठीत एकच शब्द आहे, हे आमच्या भाषेचे दुर्दैव.

मग दोन्ही ओळखायची कशी? भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले: स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे. आमची शिक्षिका त्यात एक साधी कसोटी घालते. ज्याची गोष्ट आहे त्याच्यासमोर ती सांगता आली पाहिजे, आणि ऐकून तोही हसला पाहिजे. या लेखासाठी परवानगी देताना त्यांनी हीच अट घातली. छापण्याआधी वर्गात वाचा, म्हणाल्या.

त्याप्रमाणे आम्ही गेलो आणि वाचले. बटणाच्या गोष्टीला हशा पिकला. पेढ्यांचा उल्लेख येताच तक्त्यावरच्या एका चित्रावर बोट गेले, ते 'जेवण' होते. ज्याची सुरुवातीची गोष्ट आहे तो आता चांगला उंच झाला आहे. तो लक्ष देऊन ऐकत होता, हसलाही. मग उभा राहून त्याने एक चूक दाखवली. आपण नुसता बैल नव्हतो, 'राजा' होतो. 'सर्जा' दुसरा होता.

हा पाठ आम्हाला मान्य आहे. वरील मजकुरात जेथे 'बैल' आले आहे, तेथे वाचकांनी कृपया 'राजा' असे वाचावे.